झेंडा उतरवल्यानंतर

मैत्रिणींनो, पंधरा ऑगस्टची तयारी आपल्याकडे आठवडाभर आधी सुरू होते. मुलांचे पांढरे गणवेश नीळ घालून धुवायचे, बुटांना पॉलिश करायचं, शाळेत भाषण असेल तर ते पाठ करून घ्यायचं, आणि आता त्यात भर म्हणून घरावर लावायचा झेंडा. २०२२ साली 'हर घर तिरंगा' मोहीम झाली आणि तेव्हापासून आपल्या छोट्या गावांतही गच्चीवर, गॅलरीत, अगदी पत्र्याच्या घरावरसुद्धा तिरंगा दिसू लागला. सकाळी झेंडा चढतो, घरातले सगळे सलामी देतात, फोटो निघतात. बघून मन भरून येतं, हे खरंच.

पण सोळा ऑगस्टला काय होतं? उत्साह ओसरतो, माणसं आपापल्या कामाला निघून जातात. काठीला गुंडाळलेला, पावसात भिजलेला झेंडा उतरवायचं काम उरतं ते घरातल्या बाईकडे. आता तिच्या हातात तो ओला, धुळीने मळलेला झेंडा असतो आणि डोक्यात चार प्रश्न. हा धुतलेला चालतो का? धुतला तर वाळत कुठे घालायचा? ठेवायचा कसा? आणि फाटला असेल तर टाकायचा तरी कुठे?

महिला मंडळाच्या कामात हे प्रश्न मला सतत ऐकू येतात. कुणाला विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं. "नको बाई, तू हातच लावू नकोस, उगाच गुन्हा दाखल व्हायचा!" मग बिचारी तो झेंडा तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबते आणि माळ्यावर टाकते. पुढच्या वर्षी पिशवी उघडली की पांढऱ्या पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके. दुसरं घर तर बघायलाच नको. तिथे झेंडा उतरवलेलाच नसतो. दिवाळी आली तरी त्याच्या चिंध्या गच्चीवर फडफडत असतात, कारण उतरवायची जबाबदारी कुणाचीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, झेंड्याचा मान भीतीने राखला जात नाही. तो माहितीने आणि हाताच्या कामाने राखला जातो. हे काम कसं करायचं आणि ते कुणी करायचं, या दोन्ही गोष्टींवर एकदा मोकळेपणाने बोलायला हवं.

नियम काय सांगतात?

आधी भीती घालवू या. पूर्वी सामान्य नागरिकाला वर्षातल्या ठरावीक दिवशीच झेंडा लावता येत असे. २६ जानेवारी २००२ पासून भारतीय ध्वज संहिता लागू झाली आणि आपल्याला एरवीही, मान राखून, झेंडा लावण्याची मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला की, सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. अर्थात त्याला मर्यादा आहेत. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये संहितेत दुरुस्ती झाली आणि हातमागाच्या कापडाबरोबर यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने नागरिकाच्या घरावरचा झेंडा रात्रीही फडकत ठेवायला परवानगी मिळाली. त्याआधी सूर्यास्ताला तो उतरवावा लागत असे.

ही शेवटची सवलत चांगली आहे, पण तिच्याबरोबर आपलं काम वाढलं हे कुणी बोललं नाही. रात्रंदिवस बाहेर राहिलेल्या झेंड्यावर दव पडतं, पाऊस पडतो, चुलीचा आणि गाड्यांचा धूर बसतो. उन्हाने रंग विटतात आणि धागाही कमजोर होतो. वाऱ्याचा मार सगळ्यात जास्त बसतो तो काठीपासून लांबच्या मोकळ्या कडेला. म्हणून आधी तिथेच दशा निघायला लागतात.

आता धुण्याचं. 'झेंडा जमिनीला लागू देऊ नये, पाण्यातून फरफटू देऊ नये' असा नियम आहे. यातला 'पाणी' हा शब्द ऐकूनच पुष्कळ जणी घाबरतात. पण पाण्यातून फरफटत नेणं वेगळं आणि स्वच्छ टबात सांभाळून धुणं वेगळं. देवाचं वस्त्र आपण धुतोच की! उलट संहितेचं म्हणणं आहे की फाटका किंवा अस्ताव्यस्त झालेला झेंडा फडकवू नये. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाबद्दलचा १९७१ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हेही खरं. मात्र तो आहे सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर झेंड्याची विटंबना करणाऱ्यांसाठी. आपल्या मोरीत बसून जपून झेंडा धुणाऱ्या बाईसाठी नव्हे.

आणखी एक प्रश्न बायका कानाजवळ येऊन विचारतात. "पाळी चालू असताना झेंड्याला हात लावला तर चालतो का हो?" मैत्रिणींनो, चालतो. संहितेत असं एक अक्षरही नाही. ही बंधनं आपणच देवघरातून उचलून झेंड्यापर्यंत नेली आहेत. झेंडा देशाचा आहे आणि देशाची नागरिक आपण महिन्याचे तीसही दिवस असतो.

भीतीची किंमत

ही भीती किती महाग पडते, ते सांगते. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक ताई आहेत. पंचविशीत नवरा गेला, दोन मुलं पदरात. एका जानेवारीत शाळेतल्या कुणीतरी त्यांच्या हातात झेंडा दिला आणि सांगितलं, "मळलाय, उद्या धुऊन आणा." कसा धुवायचा, हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. ताईंनी मुलांचे गणवेश धुतात तसाच तो कोमट पाण्यात पावडर घालून रात्रभर भिजत ठेवला. मनात भाव असा, की देशाचा झेंडा आहे, लख्ख निघाला पाहिजे. सकाळी बघतात तर हिरवा रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरलेला!

शाळेत गेल्यावर सगळ्यांसमोर बोलणी बसली. एक जण तर म्हणाले, "तुमच्यावर केस होईल." त्या रात्री ताई माझ्याकडे आल्या. "ताई, मला पोलीस नेतील का हो? माझी मुलं कुणाकडे ठेवू?" एवढंच विचारत होत्या. त्यांचे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मी ध्वज संहितेतली चार वाक्यं एका कागदावर लिहून घेतली आणि त्यांच्याबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापक समजूतदार निघाले, प्रकरण तिथेच मिटलं. पण मला आजही वाटतं, त्या बाईचा दोष तरी काय होता? झेंडा निवडला दुसऱ्याने, रंग कच्चा होता कापडाचा, धुण्याची रीत कुणी शिकवली नाही, आणि बोल मात्र लागला जिची नोकरी सगळ्यात कच्ची तिला. कामाचा मान वरच्यांना आणि कामाचा धाक खालच्यांना, ही आपली जुनी सवय झेंड्याच्या बाबतीत तरी मोडायला हवी.

धुण्याआधी

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक वेळी धुवायलाच हवं असं नाही. एखाद्या दिवसापुरता लावलेला कोरडा झेंडा नुसता हलक्या हाताने झटकून, मऊ ब्रशने धूळ काढून, सावलीत वाऱ्यावर ठेवला तरी पुरतो. जितकं कमी धुवावं तितकं कापड जास्त टिकतं, हे आपल्याला चांगल्या साडीवरून माहीतच आहे.

धुवायचाच असेल तर आधी रंगाची परीक्षा घ्या. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि झेंड्याच्या केशरी पट्ट्यावर, शिवणीजवळच्या आतल्या बाजूला, दोन मिनिटं दाबून धरा. मग दुसरा तुकडा हिरव्यावर, तिसरा निळ्या अशोकचक्रावर. तुकड्याला रंग लागला तर तो झेंडा पाण्यात घालूच नका. तो फक्त झटका, नाहीतर तालुक्याच्या गावी चांगला ड्रायक्लीनवाला असेल तर त्याला रंगाचं सांगून द्या. 'मीठ घातलं की रंग पक्का होतो' असं आपल्या आया-आज्या सांगत आल्या. पण कापड रंगवतानाच जो रंग पक्का झाला नाही, तो घरातल्या मूठभर मिठाने होत नाही. त्या भरवशावर राहू नका.

दोरी, लाकडी खुंटी, लोखंडी कडी जे सुटत असेल ते काढून ठेवा. कडी गंजलेली असेल तर तिचा तांबूस डाग कापडावर पडतो आणि तो सहजासहजी जात नाही. अशा डागावर ब्लीच घालू नका, तो आणखी पक्का होतो. लिंबूही नको, शेजारचा रंग उडतो.

डागांचं म्हणाल तर बरेचसे डाग आपणच पाडतो. झेंडा फडकला की त्यातून फुलं पडावीत म्हणून आत पाकळ्या बांधतात. संहितेने खास दिवशी याला मुभा दिलेली आहे. पण आपण आदल्या रात्रीच झेंडू आणि गुलाबाच्या ओल्या पाकळ्या बांधून ठेवतो आणि सकाळपर्यंत पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे-जांभळे डाग पडलेले असतात. पाकळ्या कोरड्या घ्या, मूठभरच घ्या आणि सकाळी झेंडा बांधतानाच घाला. तसंच हळदकुंकवाचं. झेंड्याच्या कापडाला बोटं टेकवायची आपली भावना मी समजू शकते, पण हळदीचा डाग कापडावरून निघत नाही. ध्वजस्तंभावर फुलं, हार काही ठेवू नये असंही संहिता सांगते. मग आपली हौस रांगोळीत करावी. खाली जमिनीवर काढा ना हवी तेवढी मोठी!

धुताना आणि वाळवताना

टब किंवा मोठं घमेलं आधी स्वच्छ घासून घ्या. झेंडा एकटाच धुवायचा, बाकीच्या कपड्यांत नाही आणि मशीनमध्येही नाही. पाणी थंड. रोजची पावडर, सोडा, धुण्याची वडी यांपैकी काही नको. लोकरीच्या कपड्यांसाठी जो सौम्य पातळ साबण मिळतो, तो अर्ध्या बादलीला एक लहान चमचा पुरे. तो आधी पाण्यात नीट मिसळा, मग झेंडा सोडा. तळहाताने हलकेच दाबायचं. चोळायचं नाही, ब्रश नाही, धोपटणं तर नाहीच. पाच मिनिटांच्या वर भिजत ठेवू नका. मग साबण पूर्ण जाईपर्यंत तीन-चार वेळा स्वच्छ पाण्यातून काढा. पांढरा पट्टा उजळावा म्हणून नीळ घालायचा मोह होईल, तो टाळा. निळीचे ठिपके केशरी रंगावर बसतात. आणि खळ घालू नका. खळीच्या वासावर झुरळं, कसर येते आणि कापड घडीवर मोडतं.

पिळू नका. दोन पांढरे टॉवेल घ्या, मध्ये झेंडा पसरा, गुंडाळी करा आणि दाबा. पाणी टॉवेल ओढून घेतो. यानंतरचा अर्धा तास महत्त्वाचा. धुताना न गेलेला रंग ओली घडी पडून राहिली तर शेजारच्या पट्ट्यात उतरतो. म्हणून ओला झेंडा क्षणभरही दुमडून ठेवू नका, लगेच पसरा. पावसाने भिजून आलेल्या झेंड्यालाही हाच नियम.

वाळवायचा सावलीत, वारं असेल तिथे. खाटेवर किंवा टेबलावर धुतलेली पांढरी चादर घालून त्यावर सपाट पसरला तर उत्तम. जमिनीला तो लागत नाही आणि खादीचं कापड ओढून सारखं करता येतं. खादी पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडी आटते, म्हणून ओली असतानाच चारी कडा हाताने सरळ कराव्यात. जागा नसेल तर दोरी पुसून घ्या आणि त्यावर झेंडा एकटाच घाला, बनियन आणि परकरांच्या रांगेत नाही. यासाठी कायद्याचं कलम शोधायची गरज नाही, आपल्यालाच ते बरं दिसत नाही.

इस्त्री उलट बाजूने, वर पातळ सुती कापड ठेवून. पॉलिस्टरला इस्त्री अगदी मंद हवी, नाहीतर कापड चिकटतं आणि आकसतं. चक्र छापलेलं असेल तर त्यावर इस्त्री सरळ टेकवू नका.

घडी आणि ठेवणं

घडीची एक रीत सरकारने सांगितलेली आहे आणि ती सोपी आहे. दोघींनी मिळून केली तर आणखी सोपी. झेंडा आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याच्या खाली दुमडायचा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडायचा की वर फक्त अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. ही घडी दोन्ही तळहातांवर घेऊन जागेवर ठेवायची.

ठेवायची कशात? प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडतो. जुनी मऊ मलमल किंवा धुतलेला, खळ नसलेला सुती कपडा घ्या आणि त्यात गुंडाळा. डांबरगोळी घालायची तर कापडाला चिकटू देऊ नका. नाहीतर वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी शेजारी ठेवा. कोकणातल्या मैत्रिणींनी पावसाळ्यात झेंडा भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, आणि मराठवाडा-विदर्भातल्या मैत्रिणींनी ठेवण्याआधी धूळ नीट झटकावी. दर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडा निघतोच. तो परत ठेवताना घडीची रेघ थोडी इकडेतिकडे सरकवा. पैठणीची घडी आपण अधूनमधून का मोडतो? एकाच रेषेवर कापड विरतं म्हणून. हेच इथेही.

नीट सांभाळलं तर कापड किती टिकतं? चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्ज संग्रहालयात १५ ऑगस्ट १९४७ रोजी फडकवलेला एक रेशमी तिरंगा आजही आहे. संग्रहालयवाल्यांची विद्या मोठी असेल, पण मूळ तत्त्व आपल्याच कपाटातलं आहे. ऊन, दमटपणा, धूळ आणि कीड यांपासून कापड लांब ठेवायचं.

फाटला तर, जुना झाला तर

कडेची टीप उसवली किंवा इंचभर शिवण सुटली तर त्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक टाके घाला. यात संकोच नको. पण दशा निघालेली कड कापून नवी दुमड घालायची असेल तर थांबा. राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची यांचं प्रमाण ३:२ ठरलेलं आहे. मोकळी कड कापली की लांबी कमी होते आणि प्रमाण बिघडतं. ठिगळ लावावं लागेल इतका फाटला, रंग पार विटला, चक्र ओळखू येईना, तर समजावं की त्याची सेवा पूर्ण झाली. त्याची उशी, पिशवी, पुसणं काही करायचं नाही.

मग त्याचं काय करायचं? संहिता सांगते, असा झेंडा अखंडच, खासगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने नष्ट करावा. इथे 'खासगीत' हा शब्द लक्षात ठेवा. चौकात, दारात, चार लोकांसमोर नाही. फोटो नाही, मोबाइलवर व्हिडिओ नाही. सुती झेंडा असेल तर परसात, एखाद्या स्वच्छ लोखंडी घमेल्यात, घरातल्या मोठ्या माणसाने शांतपणे अग्नी द्यावा आणि राख मातीत मिसळावी. पॉलिस्टरचा मात्र जाळायला जाऊ नका. ते कापड वितळून त्याचे पेटते थेंब खाली पडतात, अंगावर पडले तर कातडीला चिकटतात आणि धूरही वाईट असतो. तो धुऊन, घडी घालून, पांढऱ्या कपड्यात गुंडाळावा आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा स्वच्छ जागी खोल पुरावा. पॉलिस्टर मातीत लवकर कुजत नाही, हेही माहीत असू द्या.

म्हणूनच माझा आग्रह आहे की दरवर्षी नवा स्वस्त झेंडा घेण्यापेक्षा घरात एकच चांगला सुती किंवा खादीचा झेंडा असावा. आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती खादीचे राष्ट्रध्वज तयार करते. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीला मोठं केंद्र आहे, तिथे सूतकताईपासून शिवणापर्यंतचं बरंचसं काम बायकाच करतात. भारतीय मानकांच्या यादीत 'आयएस १' हा पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आहे. कापड, शिलाई, रंगाच्या छटा, सगळं त्यात ठरवून दिलेलं असतं. असा झेंडा महाग पडतो, मान्य. पण घराला लहान आकाराचाही शोभतो, आणि नीट सांभाळला तर पुष्कळ वर्षं पुरतो. घेताना पट्टे सारख्या रुंदीचे आहेत ना, चक्र दोन्ही बाजूंनी दिसतं ना, त्यात चोवीस आरे आहेत ना, एवढं जरूर बघा. घाईत छापलेल्या झेंड्यांत यातलंच काहीतरी चुकलेलं असतं.

काम कुणाचं?

सोळा ऑगस्टला सकाळी घंटागाडीबरोबर येणाऱ्या ताईंना एकदा विचारून बघा. कचऱ्यातून, गटारातून, रस्त्याच्या कडेने किती कागदी आणि कापडी झेंडे त्या वेचतात! कालपर्यंत छातीवर लावून मिरवलेला झेंडा आज कचऱ्यातून बाजूला काढून ठेवायचं काम ज्या बाईला आपण ग्लासभर पाणीही विचारत नाही, ती करते. तिच्या हाताला हातमोजे नसतात, पण झेंडा पायाखाली येऊ नये याची काळजी तिला असते. देशभक्ती कुठे राहते, हे मला तिथे दिसतं.

म्हणून तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली, नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतीने पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीनंतर जुने झेंडे जमा करायला एक बंद, स्वच्छ पेटी ठेवावी आणि त्यांची विल्हेवाट मानाने, गाजावाजा न करता लावावी. कागदी झेंडेही त्यात घ्यावेत, ते जमिनीवर टाकू नयेत असं संहितेतच आहे. हे पैशांचं काम नाही, मनावर घ्यायचं आहे. आपल्या महिला मंडळांनी एक अर्ज दिला आणि दोन फेऱ्या मारल्या तर होण्यासारखं आहे. दुसरी, शाळेने झेंड्याची जबाबदारी नेमून द्यावी, ती शिकवावी, त्यासाठी लागणारा खर्च करावा. सगळ्यात गरीब हातात मळका झेंडा आणि रिकामा धाक देऊ नये. तिसरी, झेंडा विकणाऱ्याने साडीच्या पाकिटावर असते तशी धुण्याची सूचना मराठीत छापावी. बचत गटाच्या मैत्रिणींनो, २०२२ पासून तुमच्यापैकी कितीतरी जणींनी झेंडे शिवले आणि विकले. ही सुरुवात तुम्हीच करू शकता. एक लहानशी चिठ्ठी, चार ओळी, बस्स.

आणि चौथी गोष्ट कुणाकडे मागायची नाही, ती घरातच करायची आहे. झेंडा फडकवायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाला आणि धुणं-वाळवणं-घडी बाईला, ही वाटणी कुठल्या संहितेत लिहिलेली आहे? १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संविधान सभेत हंसा मेहता यांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला होता. स्वतंत्र देशाच्या हाती झेंडा दिला तो बायकांनी, हे आपल्या मुलींना सांगा. मग दोरी ओढायला या वर्षी सूनबाई किंवा लेक का नको? आणि संध्याकाळी घडी घालायला मुलगा का नको? त्याला शाळेत झेंड्याचे तीन रंग कशाचे प्रतीक आहेत ते पाठ करून घेतात. पांढऱ्यावर हिरवा उतरू नये म्हणून काय करावं लागतं, तेही त्याला आलं पाहिजे.

झेंडा चढवायला दोन मिनिटं लागतात, सांभाळायला वर्ष लागतं. तुमचा झेंडा सध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर असेल, तर येत्या रविवारी तो खाली काढा. उजेडात पसरून बघा. धूळ झटका, टाका घालायचा असेल तर घाला, मऊ कपड्यात गुंडाळून ठेवा. कुणी म्हणालं, "अगं, हात लावू नकोस, गुन्हा होईल," तर त्यांनाच दुसरं टोक धरायला लावा आणि दोघांनी मिळून घडी घाला.